न हुंगलेला दवणा

विमलमावशी मेलबर्नजवळ आमच्या टार्निटला आल्या त्या पाडव्याच्या आत परत जायच्या बोलीवर. अवधूत, त्यांचा मुलगा, आमच्या शेजारच्याच घरात राहतो. त्याला त्यांनी विमानात बसायच्या आधीच फोनवर बजावलं होतं, "चैत्राच्या यात्रेला मी घरी पायजे. दवणा माझ्या हातचा जातो." त्याने तिकीटही तसंच काढलं. आणि मार्चमध्ये करोनामुळे विमानंच बंद झाली.

जोतिबाच्या डोंगराच्या पायथ्याशी त्यांचं गाव. घरामागे विहीर, विहिरीच्या पाण्यावर दवण्याचे वाफे. त्या नव्या नवरी म्हणून त्या घरात आल्या तेव्हापासून चैत्र पौर्णिमेला दवण्याची पेंढी डोक्यावर घेऊन डोंगर चढायचं काम त्यांचं. बाळंतपणात जाऊबाईंनी नेली असेल तेवढीच, नाहीतर चुकलं नाही. त्या वर्षी मात्र त्या इथे, आणि गावाकडे यात्राच बंद. मावशींनी सोबत आणलेल्या चांदीच्या टाकावर गुलाल वाहिला, खोबऱ्याची वाटी ठेवली, "जोतिबाच्या नावानं चांगभलं" म्हटलं आणि उठल्या. संध्याकाळी कुंपणापाशी मला म्हणाल्या, "नीलिमा, देव दवण्याशिवाय राहिला गं. पुढच्या चैत्राला राहायचा न्हाई. हितं असले तरी."

हे त्या इतक्या साधेपणाने बोलल्या, की मी "हो हो, बघू" म्हणून गेले. नंतर कळलं, बघू म्हणजे रोज बघायचं आहे. इंडियन स्टोअरमध्ये तुळस मिळाली, कढीपत्ता मिळाला, दवणा म्हटल्यावर दुकानदार माझ्याकडे बघत राहिला. बी मागवावं तर अवधूत म्हणाला, "आई, तुझं बी एअरपोर्टवरच जप्त होईल, वर मला दंड. हे लोक सफरचंद आत येऊ देत नाहीत, दवणा कुठला!"

मला रोज सकाळी दिवा लावून झाला की चार ओळी लिहायची सवय आहे. त्या वर्षाची पानं चाळली तर मावशी जागोजागी भेटतात. म्हणून वाटलं, त्यांचं एकदा सलग लिहावं.

हिवाळा सगळा घरात गेला. मेलबर्नचं दुसरं लॉकडाऊन म्हणजे तोंडाला मास्क, घरापासून ठरलेल्या अंतरातच हिंडणं, आणि फिरायलाही वेळ नेमून दिलेली. त्या वेळात मी आणि मावशी आमच्या वसाहतीला, इथल्या भाषेत एस्टेटला, फेरी मारायचो. सगळी घरं एकाच साच्यातली, पुढे हिरवळीचा तुकडा, कोपऱ्यात एकच बारकं झाड. मावशी म्हणायच्या, "पोरी, आपलं घर कुठलं ते दारातल्या चपलांवरनं ओळखायचं बघ." ऑक्टोबरात ऊन पडायला लागलं आणि एक दिवस चालता चालता त्या अशा थांबल्या, की मी पुढे जाऊन परत आले.

एका घरापुढे हिरवळ नव्हतीच. खडी पसरलेली आणि तिच्यावर दगडी डोण्या. गुरांना पाणी पाजायला असतात तशा.

"म्हशी कुठायत?" मावशींनी मला विचारलं.

डोणीतही मातीऐवजी खडीच होती, आणि खडीतून एक रोप वर आलेलं. वीतभरही नाही. रुपेरी, मऊ लव असलेली पानं, पिसासारखी चिरलेली. मावशींनी मास्क खाली ओढला. "दवणा," त्या म्हणाल्या. "नीलिमा, हा दवणा हाय."

मी सरळ कुंपणावरून हात घातला. पान चुरडून वास घ्यावा, एवढंच डोक्यात होतं. मावशींनी माझ्या मनगटावर चापट मारली.

"हुंगतीस काय! देवाच्या आधी?"

"अहो मावशी, मग कळणार कसं?"

"पानावरनं कळतंय की. जलम गेला माझा."

देवाचं फूल हुंगायचं नाही हे मलाही आईने शिकवलेलंच आहे. पण त्या रोपाची कुंडली त्याच्या वासात, आणि वास घ्यायला बंदी. माझे यजमान यतीन हे ऐकून म्हणाले, "मग करोना झालेल्यांनाच पूजेची फुलं तोडायला ठेवा. त्यांना वासच येत नाही, सोवळं आपोआप सांभाळलं जाईल." मी हसले नाही, असं निदान त्यांना दाखवलं.

आमची गडबड ऐकून घरातून एक उंच म्हातारा बाहेर आला. त्याचं नाव ग्लेन. मुलीजवळ राहायला म्हणून डोंगराकडचं मोठं घर विकून तो या एस्टेटीत आला होता, आणि येताना सामान कमी, डोण्या जास्त घेऊन आला होता. उंच पर्वतावरची रोपं वाढवायचा त्याला नाद. मी दुभाषी झाले. दवण्याचा फोटो फोनवर दाखवला. त्याने चष्मा वर करून बघितला आणि म्हणाला, हे ते नव्हे, पण एकाच कुळातलं आहे. तुमचं मैदानातलं, माझं थंड पर्वताच्या माथ्यावरचं. चुलतभाऊ म्हणा.

मी मराठीत सांगितलं. मावशी म्हणाल्या, "चुलतभाऊ म्हणजे घरचाच की. जमीन वाटून घेतलेली असती, देव एकच असतोय."

ग्लेनला हे इंग्रजीत कसं सांगायचं ते मला जमलं नाही. पण मी देवाचं, चैत्राचं, राहून गेलेल्या दवण्याचं सांगितलं तेव्हा तो गंभीर झाला. चार दिवसांनी त्याच्या लेटरबॉक्सवर मातीची छोटी कुंडी ठेवलेली होती, मुळासकट एक फुटवा. तो दारातूनच ओरडला, की खत घालू नका, पाणी जपून, घरात ठेवू नका, चांगली माती तर नकोच.

मी शब्दन् शब्द सांगितला.

"ऐकलं," मावशी म्हणाल्या. "माणूस चांगला हाय, पण दगडात काय उगवतंय? उपाशी ठेवलंय बिचाऱ्याला, म्हणून वीतभर राहिलंय."

त्यांनी मोठी कुंडी घेतली. यामिनीने, म्हणजे त्यांच्या सुनेने, भाजीसाठी आणलेली काळीभोर माती भरली, कंपोस्ट मिसळलं, आणि रोप स्वयंपाकघरातल्या खिडकीत तुळशीशेजारी ठेवलं. रोज सकाळी टाकाला अंघोळ घालायची आणि ते पाणी कुंडीत. देवाच्या अंघोळीचं पाणी पायाखाली जाऊ नये म्हणून आपण तुळशीला घालतो. मावशींनी तुळशीचा तो मान या पाहुण्याला दिला. पहिल्या आठवड्यात रोप खरंच फोफावलं. पानं लांब झाली. मावशी मला बोलावून दाखवायच्या, "बघ, खायला मिळाल्यावर अंग धरलं का न्हाई?"

मग पानांची चंदेरी झाक गेली. मधला गाभा पिवळा झाला, बुडखा मऊ पडला. त्यांची नात ओवी, ऑनलाइन शाळेतून पळवाट शोधत खिडकीशी आली आणि बोटाने ढकललं तर रोप मुळाशी सुटून तिच्या हातात आलं.

"आजी, इट्स डेड."

"डेड म्हणू नये देवाच्या झाडाला."

"बट इट इज, आजी. स्मेल द सॉइल."

"हुंगायचं न्हाई!" मावशी ओरडल्या. मग स्वतःच खाली बसल्या.

संध्याकाळी त्या कुंपणाशी आल्या. रोप गेल्याचं दुःख होतंच. पण त्यांचं अडलं होतं वेगळ्याच ठिकाणी. "नीलिमा, तू स्तोत्रं म्हणतीस, वाचतीस. मला सांग, तीर्थानं रोप कसं मेलं? मी साधं पाणी घातलं असतं तर माझी चूक म्हटली असती. देवाच्या अंगावरचं पाणी होतं गं ते."

रात्री देवासमोर बसल्यावर मीही विचारून बघितलं. एवढंच मनात आलं, की ज्याने रोप दिलं त्याला निदान विचारावं.

जायला मावशी तयार होईनात. मागून आणलेलं मारून परत कसं तोंड दाखवायचं! शेवटी चैत्राची आठवण मीच करून दिली. ग्लेनकडे गेलो तेव्हा निर्बंध बरेच सैल झाले होते. त्याने आम्हाला बाजूच्या अंगणात खुर्च्या दिल्या, लांब लांब. मी सगळं सांगितलं, खिडकी, कंपोस्ट, टाक, पाणी. मला वाटलं, हसेल. तो म्हणाला, "मीपण माझं पहिलं असंच मारलं होतं, नो वरीज. मी तर रोज दोनदा पाणी घालायचो." आणि मग त्याने त्या रोपाचं गाव सांगितलं.

त्याच्या वडिलांच्या मुलखात, स्कॉटलंडमध्ये, मोजक्याच डोंगरमाथ्यांवर ते उगवतं. नॉर्वेकडेही आहे. तरुणपणी तो मुद्दाम चढून गेला होता.

"वर झाडं कुठली?" मावशींनी विचारलं.

एकही नाही. वाराच इतका, की माणसाला उभं राहता येत नाही, तो बसून, रांगत पुढे गेला होता.

"माती?"

माती वाऱ्याने उडून जाते. उरते खडी आणि थोडं शेवाळ. हिवाळ्यात जमीन गोठते, फुगते, दगड वर ढकलते. दुसऱ्या रोपांची मुळं त्यात उपटून निघतात. याचं मूळ लाकडासारखं, खोल गेलेलं, म्हणून टिकतं.

"मेंढरं खात न्हाईत?"

खातात की. हरणंही खातात.

"मग खाली का येत न्हाई ते? खाली गवत हाय, माती हाय."

ग्लेन म्हणाला, तेच तर. खाली गवत आहे. गवत याच्या डोक्यावर चढतं, ऊन मिळत नाही. जिथे बाकी कुणाला राहायला नको, तिथेच याला जागा मिळते. फुलाचा परागही वाराच नेतो, कारण तेवढ्या वाऱ्यात किडे फारसे फिरकत नाहीत. हिवाळ्यात वरचं सगळं वाळतं आणि बुडखा बर्फाखाली झोपतो. थंडीने मरत नाही. ओलीने मरतं.

मावशींचे प्रश्न संपेनात. बर्फ वितळला की पाणी साचत नाही का? नाही, खडीतून निघून जातं. उन्हाळा किती? थोडाच, तेवढ्यात पान, फूल, बी सगळं उरकायचं. ग्लेन खुलला होता. मी दोन्हीकडून भाषांतर करून दमले, चहा मीच मागून घेतला.

निघताना त्याने दुसरा फुटवा दिला. परतीच्या वाटेवर मावशी म्हणाल्या, "जोतिबा डोंगरावर हाय. कुणी त्याला म्हणतंय का, चढण लई हाय, तू खाली ये? आपण चढतो. आणि मी ह्या रोपाला डोंगरावरनं उचललं आणि खिडकीत बसवलं. वर रोज अंघोळ. देवाचं पाणी वाईट न्हवतं गं. मी ते भलत्याला घातलं."

त्या दिवसापासून तीर्थ पुन्हा तुळशीला जायला लागलं. आणि मावशींनी डोंगर बांधायला घेतला. टार्निटची जमीन खणली की काळा दगड लागतो. बिल्डर लोक तो कडेला टाकून जातात. तो बघून त्या म्हणाल्या होत्या, "हा आपलाच की, सह्याद्रीतला." अवधूतला कामाला लावून त्यांनी ते दगड, बारीक खडी असं सगळं आणवलं, आणि मातीच्या कुंडीत नुसती खडी भरून, रोप त्यात लावून ती दगडांच्या ढिगाऱ्यात बसवली. जागा घराच्या दक्षिणेला निवडली. इथे सूर्य उत्तरेकडून फिरतो, दक्षिणेची बाजू सावलीची, हे पटायला त्यांना बरेच दिवस लागले. "देवघराची दिशा तरी बरोबर हाय ना रे?" असं त्यांनी अवधूतला दोनतीनदा विचारलं.

उन्हाळा आला तो वाळवंटाकडचा वारा घेऊन. अशा उन्हात बर्फातलं रोप टिकवायचं म्हणजे काय! मावशींनी थर्माकोलच्या भाजीच्या खोक्यात वाळू भरली, ती ओली केली आणि मातीची कुंडी तिच्यात गळ्यापर्यंत रोवली. घरी माठ ओल्या वाळूवर ठेवतात तसंच. पाणी वाळूला, रोपाला फक्त गारवा. ग्लेनने कुंपणावरून बघितलं आणि अंगठा वर केला. त्याच्याकडे मागच्या बाजूला अशाच कुंड्या वाळूत पुरलेल्या होत्या. मावशी माझ्या कानात म्हणाल्या, "बघ, ह्यानं मला हे सांगितलं न्हाई." ग्लेन मला म्हणाला, "हे मी त्यांना सांगायला विसरलो." मी दोघांनाही काही भाषांतर केलं नाही.

रोप हळूहळू वाढलं. खिडकीतल्यासारखं लांब नाही, बुटकं आणि चंदेरी. यामिनी म्हणायची, "आई, सगळ्यांना सोवळं म्हणजे अंघोळ. तुमच्या या पाहुण्याचं सोवळं म्हणजे अंघोळच नाही!" मावशी म्हणायच्या, "तुझ्या लेकीसारखंच की मग."

मार्च उजाडला आणि गाभ्याबाहेरची पानं पिवळी पडायला लागली.

मावशी घाबरल्या. पाणी जास्त झालं नव्हतं, माती नव्हतीच, खत नव्हतं. ग्लेन येऊन बसून बघून गेला. म्हणाला, चुकलं काही नाही. रात्री गार व्हायला लागल्या, ते आता झोपायच्या तयारीत आहे.

तेव्हा कुठे आमच्या डोक्यात प्रकाश पडला. चैत्र आपल्याकडे पालवीचा. इथे चैत्र पानगळीत येतो. मावशींना पौर्णिमेला हिरवं पान पाहिजे आणि रोपाला नेमकं तेव्हाच झोपायचं होतं.

गावाहून जाऊबाईंचा फोन आला, यात्रा यंदाही बंद, भक्तांना वर सोडणार नाहीत. दवणा कोण घेणार म्हणून वाफ्यात मेथी टाकली. मावशींनी फोन ठेवला आणि खोक्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या. आता त्यांच्या घरचा दवणा म्हणून जे काही होतं ते एवढंच होतं.

यामिनीने सुचवलं, "आई, घरात आणा. हीटर लावते, रोपं वाढवायचा तो ग्रो-लाइट मागवते. पौर्णिमेपर्यंत हिरवं राहील."

मला ते पटलं. ग्लेनला विचारलं तर तो म्हणाला, राहील. नवी पानंही काढेल. पण झोप मोडली की त्याची ताकद संपते, पुढचा उन्हाळा बघेलच असं नाही.

"म्हणजे मेलं तरी चालेल असं झालं," मी मावशींना म्हणाले. "देवाला तर वाहायचंच आहे."

मावशींनी माझ्याकडे असं बघितलं, की मी ओशाळले. "एक खिडकीत मारलं. आता दुसरं? देवासाठी दोन खून?" त्या वाळूवर हात ठेवून बसल्या. "झोप आली असंल तर झोपू दे. राहिलं पान तर राहिलं."

पुढचे दिवस आम्ही दोघीही सकाळी आधी देवाला हात जोडायचो आणि मग दक्षिणेच्या बाजूला जायचो. मी पूजा उरकायची घाई करायचे, हे कबूल करते. बाहेरची पानं तपकिरी होऊन खडीवर आडवी झाली. एका पहाटे गवतावर दहिवराची पांढरी साय होती आणि मावशी म्हणाल्या, "आज गेलं असंल." गेलं नव्हतं. गाभ्यात अगदी आत, एकमेकांना बिलगलेली काही पानं अजून चंदेरी होती.

पौर्णिमेला त्यांनी नऊवारी नेसली, कपाळाला गुलाल लावला. घरात सगळे जमले. ग्लेनलाही बोलावलं, तो बूट काढून कोपऱ्यात उभा राहिला. मावशींनी बाहेर जाऊन नखाने एक तुरा खुडला, एकच, गाभ्याला धक्का न लावता. टाकावर गुलाल, खोबरं आणि तो तुरा. "देवा, दवणा आणलाय. उशीर झाला, पण आणलाय. चांगभलं!" अवधूतचे डोळे भरले. ग्लेननेही "चांगबला" म्हटलं.

आरती झाली. प्रसाद वाटून झाल्यावर मावशींनी टाकावरच्या तुऱ्याचं एक पान उचललं. आता हुंगायला हरकत नव्हती. ऑक्टोबरापासून या रोपाच्या मागे होतो आणि त्याचा वास आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हता. त्यांनी पान दोन बोटांत चुरडलं, डोळे मिटून नाकाशी नेलं. आम्ही सगळे बघत होतो.

त्यांनी डोळे उघडले. पुन्हा हुंगलं. मग पान माझ्याकडे दिलं.

दवण्याचा तो गोड, डोक्यात चढणारा दरवळ त्यात नव्हता. अगदी पुसट काहीतरी होतं. थोडं कडसर, थोडं पाऊस न पडता गार झालेल्या दगडासारखं. ओवी म्हणाली, "आय लाइक इट." यतीन म्हणाले, "मला येतच नाहीये, मी टेस्ट करून येऊ का?"

"न्हाई," मावशी म्हणाल्या. "हा दवणा न्हाई."

अवधूत घाईघाईने म्हणाला, "आई, भाव महत्त्वाचा गं, देवाला चालतं."

"चालंल का न चालंल ते तो बघंल. पण मी त्याच्यापुढं दवणा म्हणून सांगितलंय." त्या माझ्याकडे वळल्या. "ह्याला विचार, त्या रोपाचं गावातलं नाव काय?"

मी ग्लेनला विचारलं. तो म्हणाला, शास्त्राचं नाव आहे, पण माथ्यावर राहणारं कुणी नाही, त्यामुळे रोजच्या बोलण्यातलं असं नाव त्याने तरी ऐकलेलं नव्हतं.

मावशींनी मान हलवली. पदर सावरला आणि पुन्हा देवासमोर जाऊन बसल्या. आम्ही मागे उभे. त्यांनी टाकावरचा तुरा काढला नाही, नीट सरळ केला.

"देवा, मघाशी दवणा म्हणाले, तो न्हाई बरं का," त्या म्हणाल्या, शेजारणीशी बोलावं तसं. "लांबच्या डोंगरावरचं हाय. तिथं लई वारा असतोय म्हणं, दुसरं काय टिकत न्हाई. ग्लेनभाऊंनी दिलं, मी सांभाळलं. त्याचा वास वेगळा हाय. तू बघ घेऊन."